मूळ प्रतीचे राखणदार

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्याशी भांडले. कोपरखैरण्यातल्या त्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते आणि घ्यायच्या पुस्तकांची यादी करायला आतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसले होते. दोन तास खपून यादी केली, डेस्कटॉपवर ठेवली, लॉग आउट करून बाहेर येऊन चहा घेतला आणि परत जाऊन बघते तर यादी नाही. स्वच्छ हिरवा पडदा, त्यावर चार चित्रं, बस. मी आधी स्वतःला दोष दिला, मग मशीनला दिला, आणि मग कोपऱ्यातल्या टेबलाशी शेंगा सोलत बसलेल्या गृहस्थांकडे वळले.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'येथे ठेवलेले काहीही राहत नाही.' मी म्हटलं, मला वाटलं ही पाटी चपला-छत्र्यांची आहे. त्यावर ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, “बाय, गेली ती गेली. डोक्यान हाय ना? परत लिवा. आजून चांगली होईल.”

मी रागारागाने परत लिहिली आणि ती खरंच आधीच्यापेक्षा चांगली झाली. पहिल्या यादीत मी केवळ पाहुण्यांसमोर कपाटात दिसावीत म्हणून घातलेली बरीच जाडजूड पुस्तकं दुसऱ्यांदा टाइप करायचा मला कंटाळा आला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच त्यांचं डोकं पुरेसं चढलेलं होतं.

ते मूळचे शेजारच्या बोनकोडे गावचे. आम्ही सगळे कुठून कुठून येऊन इथल्या सेक्टरांत राहायला लागलो, त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासूनचे. त्यांच्या दोन्ही भावांनी शेताच्या जागी चार-चार मजली इमारती उठवल्या होत्या आणि दोघेही पांढऱ्या गाड्यांतून फिरत. हे मात्र न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा माल सोडवणाऱ्या एका ऑफिसात आयुष्यभर कॉम्प्युटर सांभाळत राहिले, आणि तिथून सुटल्यावर घरी बसण्याऐवजी आमच्या वाचनालयाच्या सहा जुन्या मशीनवर येऊन बसले. भावांना याची लाज वाटे. थोरला भाऊ एकदा मला म्हणाला होता की त्याला चांगलं ऑफिस काढून देतो म्हटलं, एसी लावून देतो म्हटलं, पण तो ऐकत नाही, काय करायचं.

त्यांची करामत काय होती ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात एक सातवं मशीन कुलपात असे. त्यात एक 'मूळ प्रत' होती. पडद्याचा रंग कोणता, चित्रं किती, कुठलं कुठे, हे सगळं त्या मूळ प्रतीत एकदाच ठरवलेलं. तुम्ही बाहेरच्या सहांपैकी कुठल्याही मशीनवर 'वाचक' म्हणून आत शिरलात की त्या मूळ प्रतीची एक नक्कल तुमच्यासमोर येई. तिच्यावर तुम्ही काय हवा तो धुडगूस घाला. बाहेर पडलात की नक्कल फेकली जाई, आणि पुढच्या माणसाला पुन्हा कोरी, करकरीत नवीन मिळे. एका फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलली की मशीनला ही बुद्धी येते, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी 'फक्त तीन' म्हणताना तीन बोटं नाचवून दाखवली असतील.

मी वर्षभर त्यांना हरवायचा प्रयत्न केला. आडबाजूच्या फोल्डरात आणखी फोल्डर करून, त्याला मशीनच्याच एखाद्या भागासारखं कंटाळवाणं नाव देऊन, आत आळूवडीची कृती लपवून ठेवली. सकाळी गायब. एकदा चित्रांची जागा बदलून ठेवली, एकदा घड्याळाशी खटपट केली, एकदा तर माउसचा डावीकडे झुकलेला बाण उजवीकडे फिरवला. सकाळी सगळं जिथल्या तिथे. ते फक्त माझ्या टेबलावर एक कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल आणून ठेवत, आणि जाताना शेंगदाण्याचं एक साल झटकावं तसं काहीतरी खांद्यावरून झटकत.

पण त्यांची खरी परीक्षा घेतली ती आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या माणसाने. पुढाऱ्याचा वाढदिवस होता, म्हणून हा माणूस गळ्यात रुमाल घालून आला आणि त्याने सहाही मशीनच्या पडद्यांवर भाऊंचा, म्हणजे त्या पुढाऱ्याचा, हात जोडलेला फोटो लावला. समोर उभं राहून त्याचे फोटो काढले, कुठेकुठे पाठवले. मला वाटलं आता हे उठून काहीतरी बोलणार, पण त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी तो माणूस परत आला तर सहाही पडदे हिरवे. त्याने जाब विचारला. यांनी अगदी साळसूदपणे सांगितलं की लावा ना परत, मी कुठे नको म्हणालो.

त्याने परत लावले. असं चार दिवस चाललं. रोज सकाळी तो येई, सहा ठिकाणी भाऊंना बसवी, रोज यांचा चहा पिई, आणि रोज भाऊ नाहीसे होत. पाचव्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की ह्यांचं विरोधी पक्षात कोणी आहे का. मी म्हटलं, ह्यांचं कुठल्याच पक्षात कोणी नाही, ह्यांनी त्या हिरव्या पडद्यावर स्वतःच्या आईचा फोटोही टिकू दिलेला नाही. शेवटी त्याने भाऊंचा कागदी फोटो आणून बाहेरच्या खांबाला चिकटवला, आणि तो अजून तिथे आहे. खांबावर यांचं काही चालत नसे.

ते माणूस म्हणूनही तसेच होते. एकाच निळ्या रंगाचे पाच शर्ट. खोलीतल्या सहा खुर्च्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूने गोल काढलेले, आणि संध्याकाळी प्रत्येक खुर्ची आपापल्या गोलात परत. लोकांना ते नावाने हाक मारत नसत, ज्या मशीनवर बसतो त्या नंबराने मारत. त्यांची बायको एकदा दसऱ्याला सोनं द्यायला वाचनालयात आली होती, तेव्हा मी तिला सहज विचारलं की घरी पण असेच का. ती म्हणाली, “रात्री कितीपन भांडा, सगला आयकून घेतात. सकाली उठले का परत पयल्यासारखे. कालचा काय आठवतच नाय.” ती हे तक्रार म्हणून सांगत होती. माझ्या घरी चौदा वर्षांपूर्वीचं भांडण तारीखवार लक्षात ठेवणारा माणूस असल्यामुळे मला तिचा हेवा वाटला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी त्यांना पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. मला वाटे, लहर आहे. नंतर एकदा त्यांनीच सांगितलं. खोली नवीन असताना सगळी मशीन सताड उघडी होती. पोलीस भरतीचा फॉर्म भरायला गावातली एक मुलगी येत असे. तिने आपला फोटो, पत्ता, फोन नंबर असलेली फाइल डेस्कटॉपवर ठेवली आणि ती घरी गेली. तिच्यामागून त्याच मशीनवर बसलेल्या कुणीतरी ती उघडली. पुढे महिनाभर तिला जे फोन आले त्यामुळे तिच्या बापाने तिचं घराबाहेर पडणंच बंद केलं, आणि भरती राहिली ती राहिलीच. हे सांगताना ते नेहमीसारखे हसत नव्हते. म्हणाले की तेव्हाच ठरवलं, इथे आलेल्या माणसाचा माग इथे राहता कामा नये. त्या दिवसापासून मी आळूवडी लपवणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाट उघडून मूळ प्रत काढली, कारण बचत गटाच्या बायकांना एक सरकारी फॉर्म भरायचा होता आणि त्याचं चित्र सहाही पडद्यांवर समोरच दिसावं अशी त्यांची इच्छा होती. ते काम झालं. मग त्यांनी तिथेच बसून एक पानभर काहीतरी टाइप केलं, डेस्कटॉपवर ठेवून त्याची एक प्रत छापली, घडी करून खिशात घातली आणि मशीन बंद करून कुलूप लावलं. कागदावरचं मशीनमधून काढायला हवं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते ना, इथे काही राहत नाही. पण ते सहांपैकी एकावर बसलेले नव्हते, कपाटातल्या मूळ प्रतीवर बसले होते. तिथे लिहिलेलं मात्र राहतं.

मधला दिवस खोली बंद होती. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाला मी ती उघडली. अकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की आत फार शांतता आहे. जाऊन बघते तर सगळे आपापल्या पडद्यावर एकच काहीतरी वाचत होते. हिरव्या पडद्यावर फॉर्मच्या चित्राशेजारी आणखी एक, सहावं चित्र आलं होतं आणि त्याच्याखाली नाव होतं, 'माझ्यानंतर येणाऱ्यास सूचना'. मीही वाकून वाचायला लागले.

बोलताना बोनकोड्याचे असलेले हे गृहस्थ लिहिताना अगदी सरकारी खात्याचे होत. लिहिलं होतं : 'एक नंबर. फॉर्मसाठी फोटो लहान करता येत नाही, विचारायला लाजते. न विचारता करून द्यावा. दोन नंबर. निकाल पाहताना शेजारी उभे राहू नये. खोलीतच राहावे, पण लांब. पाच नंबर. पाण्याविषयी रोज तक्रार लिहितात, पाठवीत नाहीत. पाठवण्याचा आग्रह करू नये.' माझ्याबद्दलही होतं : 'ग्रंथपाल बाई. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. पासवर्ड यांनाच द्यावा. पोटात किती राहील सांगता येत नाही.' म्हणजे ते आम्हाला सोडून चालले होते आणि मला सांगितलंही नव्हतं. याचा मला राग यायला हवा होता, पण त्याआधीच माझी नजर चार नंबरवर गेली.

'चार नंबर. पावणे गावच्या कारखान्यातून कमी केले आहे. घरी सांगितलेले नाही. रोज तपकिरी बॅग व डबा घेऊन दहास येतात, साडेपाचला जातात. नोकरीचे अर्ज करतात. डब्यात कारले असल्यास पाच नंबरला देतात. घरून कोणी चौकशीस आल्यास येथे येत नाहीत असे सांगावे.'

चार नंबर म्हणजे पन्नाशीच्या जरा आतले, इस्त्रीचा शर्ट घालून येणारे, कुणाशी फार न बोलणारे एक गृहस्थ. मी त्यांना परीक्षांचे पेपर काढणारा कोणी प्राध्यापक समजत होते. ते त्या वेळी तिथेच, आपल्या मशीनसमोर बसलेले होते. त्यांनी ती फाइल पुसली. बाहेर पडले, पुन्हा आत शिरले. फाइल परत आली. त्यांनी पुन्हा पुसली. हे ते सकाळपासून किती वेळा करत होते कोण जाणे. बाकीचे आपापल्या पडद्याकडे इतके टक लावून बघत होते की मला त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

ते उठून माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले की हे काढून टाका. मी म्हटलं, काढते. तेव्हा त्यांनी सांगितलं की आज तीन वाजता बचत गटाच्या ज्या बायका येणार आहेत त्यांत त्यांची बायको आहे. म्हणून ते आज दोनलाच निघून बोनकोड्याच्या देवळाच्या कट्ट्यावर बसणार होते. पण ही फाइल इथे राहिली तर त्यांच्या तिथे बसण्याला काही अर्थ नव्हता. “तपकिरी बॅग तिनेच घेतलीय, लगेच ओळखेल,” ते म्हणाले. फॉर्मची तीच शेवटची तारीख होती, त्यामुळे मशीन बंद आहेत असं सांगून बायकांना परत पाठवणं शक्य नव्हतं. एरवी मी तेच केलं असतं, खोटं बोलायला मी कधी मागे राहत नाही.

मी ऑपरेशन झालेल्या आमच्या गृहस्थांना घरी फोन लावला. बायकोने त्यांच्या कानाला धरला. मी काय झालं ते सांगितलं. मी म्हटलं, पासवर्ड सांगा, मी काढते. ते म्हणाले, “पासवर्ड फोनवर सांगत नाय, बाय. मी येतो.” मी त्यांना डॉक्टर, टाके, धूळ, सगळ्याची आठवण करून दिली. माझ्या आवाजाची पट्टी चढली. तोवर त्यांनी फोन ठेवलेला होता.

दोन वाजता ते रिक्षातून उतरले. काळा चष्मा, त्याच्याआड पांढरी पट्टी, निळा शर्ट, आणि हात धरायला बायको. कपाट उघडल्यावर त्यांनी मला, बायकोला आणि दारातून डोकावणाऱ्या पाच नंबरला तोंडं भिंतीकडे करायला लावली. आम्ही तिघं शाळेतल्यासारखे भिंतीकडे बघत उभे, आणि मागे हे एका डोळ्याने, तोही बिनउपयोगाचा, चाचपडत बटणं दाबतायत. चुकला. पुन्हा दाबला. चुकला. मी भिंतीशी बोलावं तसं म्हटलं की मला सांगा, मी दाबते. त्यांनी तिसऱ्यांदा दाबला, आणि मशीनने सांगितलं की आता अर्धा तास थांबा. तीनदा चुकणाऱ्याला अर्धा तास बाहेर ठेवायचं, ही अक्कलही त्यांनीच त्या मशीनला शिकवली होती.

तेव्हा सव्वादोन झाले होते. चार नंबर बॅग उचलून निघाले. त्यांची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली होती, ती पाच नंबरने धावत जाऊन त्यांना जिन्यात दिली.

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. ते स्टुलावर बसून राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना झालेलं विसरता येत नव्हतं. दोन वेळा म्हणाले, “माज्या हातून झाला हा.” पावणेतीन वाजता त्यांनी मला जवळ बोलावलं, चष्म्याच्या वरून इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि माझ्या कानात पासवर्ड सांगितला. तो काय होता ते मी लिहिणार नाही. मी दाबला, मूळ प्रत उघडली, ती फाइल पुसली, बंद केलं. सहाही मशीनवर एकेक करून मी बाहेर-आत करून बघणार होते. पाच ठिकाणी हिरवा पडदा, चारच जुनी चित्रं आणि फॉर्मचं एक. फाइल नाही.

राहिलेलं मशीन, म्हणजे चार नंबर, मोकळं नव्हतं. त्याच्यावर गुलाबी साडी नेसलेली एक बाई बसली होती. तीनला घरी पाणी येतं, म्हणून ती एकटीच लवकर आली होती, आणि आम्ही कपाटात डोकी घालून बसलेलो असताना रिकामी खुर्ची बघून तिने सुरुवात केली होती. मी मूळ प्रतीतलं पुसायच्या आधीच ती आत शिरलेली. तिची नक्कल जुनी होती, आणि ती बाहेर पडेपर्यंत जुनीच राहणार होती. फॉर्म बाजूला सारलेला होता. पडद्यावर सूचना उघडी होती.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने मान वळवली, आणि मला वाटत होतं त्यातलं काहीच तिच्या तोंडावर नव्हतं. तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “हे पाच नंबर कोण?”

मी दाखवले. पाच नंबर आपल्या तक्रारीत तोंड खुपसून बसले होते. तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली की चिंच-मसाला घालून, कडू पाणी काढून, तासभर खपून करते मी ती कारल्याची भाजी, साखरेचा त्रास आहे म्हणून, आणि दर वेळी डबा चाटूनपुसून साफ केल्यासारखा घरी येतो, म्हणून आठवड्यातून तीनदा करायला लागले.

मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. पण तिनेच हाताने थांबवलं आणि सांगितलं की तिला दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे. त्या कारखान्यात कसलंसं रसायन करायचे, आणि त्याचा वास शर्टाला इतका असे की बावीस वर्षं ती त्यांचे शर्ट वेगळे भिजवत आली. “एक दिवस शर्टाला वासच नव्हता. दुसऱ्या दिवशी पण नाही. मी वाट बघत राहिले सांगतील म्हणून. मग म्हटलं, त्यांना जमेल तेव्हा सांगतील. फक्त दिवसभर कुठं बसतात ते कळत नव्हतं हो. उन्हात बसतात की काय, याचं टेन्शन होतं.” एवढं बोलून तिने खोलीभर नजर फिरवली. पंख्याकडे बघितलं, पाण्याच्या माठाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मी त्या दिवशी ते लपवलंही नाही.

मग तिने फॉर्म पुरा केला. जाताना मला आणि कपाटाशी बसलेल्या काळ्या चष्म्याला बजावलं की ती आली होती एवढंच सांगा, हे वाचल्याचं बोलू नका. सहा महिने सांभाळलंय त्यांनी, आता आपण कशाला मोडायचं. मग लॉग आउट करून गेली, आणि त्या फाइलची शेवटची नक्कल तिच्याबरोबर गेली.

काळा चष्मा घातलेल्या आमच्या गृहस्थांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी पेन्सिलने चार नंबरच्या खाली लिहिलं : 'पत्नीस सर्व ठाऊक आहे. हे त्यांस ठाऊक नाही. कोणीही बदल करू नये.' लिहून झाल्यावर त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ते हसले.

चार नंबर दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला आले. काढलंत का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुळातूनच काढलं, आणि तुमची मिसेस येऊन फॉर्म भरून गेली. त्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. आठवड्याने आमचे राखणदार पट्टी काढून आले तेव्हा चार नंबरसमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. चार नंबरने त्यांचे हात धरून खाली केले. त्यानंतर महिनाभराने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि राखणदारांनी वाचनालय कायमचं सोडलं. हल्ली भावाच्या एसी ऑफिसातले कॉम्प्युटर बघतात असं ऐकते, आणि भाऊ रोज सकाळी डोक्याला हात लावतो असंही ऐकते.

डब्यातलं कारलं मात्र त्या बुधवारनंतर बंद झालं. बटाटा, गवार, कधी मटकी. पाच नंबर आठवडाभर आशेने बघत राहिले, मग स्वतःच बाजारातून आणायला लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर चार नंबरना न्हावा शेव्याकडच्या एका गोदामात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ते पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आले. बसले, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि जरा पुढे झुकले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता.

“मॅडम, एक सांगू? नऊ महिने झाले. पण घरी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.”

मी एक अख्खा पेढा तोंडात भरला, आणि तो संपेपर्यंत नुसती मान हलवत राहिले.